प्रतल: देल्फिना

सेवेरीनो निवृत्त झाला तेव्हा
मला तीन गोष्टी देऊन गेला:
ड्रॉवरची किल्ली,
कॉफीच्या यंत्राला नेमकं कुठे थोपटायचं ते,
आणि ही फाइल.

शिंपले निवडायची जाळी.
शहाण्णव गज, पंगतीला बसल्यासारखे.
खरा गज एकच.
बाकीचे पंचाण्णव त्याचंच म्हणणं
बावीस-बावीस मिलिमीटरवर पुन्हा म्हणतात.
बारीक शिंपले फटीतून खाली,
परत दोरावर, परत खाडीत, अजून एक वर्ष वाढायला;
मोठे पुढे, डब्यांकडे.

डावीकडच्या यादीत
प्रतल ४५, प्रतल ४६,
मग एकदम
देल्फिना.
मग पुन्हा प्रतल ४८, जणू काही झालंच नाही.

प्रतलाला जाडी नसते.
पोलादाच्या बिलात ते येत नाही,
छापलेल्या कागदावर उमटत नाही.
ते फक्त म्हणतं, इथून मोज.
आणि हे तर धड आडवंही नव्हतं:
दीड अंशाने कललेलं,
यंत्राच्या कुठल्याच कडेशी सोयरिक नसलेलं,
जमिनीपासून नऊशे चौऱ्याऐंशीवर
अधांतरी.

म्हातारपणची चूक, मी म्हटलं.
शुक्रवार होता. आवराआवरीची हुक्की आली होती.
पुसलं.

शहाण्णवच्या शहाण्णव गज लाल.
त्यांच्यामागून पन्हळ लाल, चारही पाय लाल,
कुठल्या कोपऱ्यातली एक बिजागरी,
जिचा या कशाशी संबंध नव्हता, तीही लाल.
संदर्भ सापडत नाही,
संदर्भ सापडत नाही,
एवढंच यंत्र म्हणत राहिलं,
मेळ्यात हात सुटलेल्या पोरासारखं.

मी पुसलेलं परत आणलं आणि फोन लावला.
मागे बारमधला गलका, पत्ते आपटल्याचा आवाज.
"नऊशे चौऱ्याऐंशी?" सेवेरीनो म्हणाला,
"ते तिचं कोपर.
पहिली जाळी मी यंत्राच्या कोपऱ्यापासून मोजली होती.
देखणी होती. सगळं काटकोनात.
बाई दिवसभर तिच्यावर वाकून
संध्याकाळी भिंत धरून घरी जायची.
मग एकदा जेवणाच्या सुट्टीत,
ती नुसतीच उभी होती, काही करत नव्हती,
तेव्हा टेप लावला."

आणि दीड अंश? फरशीचा उतार?

"फरशी दुसरीकडे उतरते, इरिया.
तो उजवा खांदा.
एकतीस वर्षं बादल्या."

मी विचारलं, ती आता—
"आता समोर बसलीय. हुकुमाचा पत्ता
मांडीखाली लपवलाय, तिला वाटतं मला दिसत नाही."
मग फोनवर एक बाई, खोकत, हसत:
"काय गं, पुसलंस होय मला?"

सोमवारी मी टेप घेऊन कारखान्यात गेले.
बोटांना बर्फ, मिठाचा वास, रेडिओ.
देल्फिनाच्या जागी आता आस्तू,
सेनेगलहून आलेली, सहा फुटांना जेमतेम कमी;
जाळीखाली तिने बूट काढून ठेवावेत तशी
पाठ काढून ठेवली असती तर बरं.
हलू नकोस, मी म्हटलं. काही करू नकोस.
तिला हे काम अवघड गेलं.
हात आपोआप शिंपल्यांकडे जात होते.

एक हजार एकाहत्तर.
खांदे समान. शून्य अंश.
अजून.

परत येऊन दोनच आकडे बदलले.
एक गज उचलला गेला,
त्यामागे पंचाण्णव, कुणी कुणाला न विचारता,
पन्हळ, पाय, ती बिजागरीसुद्धा;
एकही लाल नाही.
फटी तेवढ्याच, बावीसला बावीस.
शिंपल्यांना काही कळणार नाही.

वेल्डर ओस्कार कागद उलटसुलट करत होता:
उंची चढवलीस, पण मोजलीस कुठून?
कागदावर नाही ते, मी म्हटलं.

मग नावाच्या चौकटीवर दोनदा टिचकी मारली.
देल्फिना निळी झाली, पुसायला तयार.
आ, मी लिहिलं. स्.
थांबले.
अक्षरं मागे घेतली आणि उठले
कॉफीच्या यंत्राकडे,
जरा वर, डाव्या अंगाला,
तो म्हणाला होता तिथे थोपटायला.